दवाखान्याने सॉफ्टवेअर बदललं तरी पेशंटची नोंद शाबूत राहिली पाहिजे

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण, नवी दिल्ली.

विषय: दवाखान्याचं सॉफ्टवेअर बदलताना पेशंटच्या सर्व नोंदी हलवता येण्याची अट घालण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी नाशिकला सातपूरमध्ये जनरल प्रॅक्टिस करते. तपासणीची एक खोली, बाहेर बाकं मांडलेली बसायची जागा, मी, कंपाउंडर आणि रिसेप्शन सांभाळणाऱ्या ताई, एवढाच आमचा पसारा. एमआयडीसीतले कामगार, श्रमिकनगर-अशोकनगरमधली त्यांची कुटुंबं, पेठ-सुरगाण्याकडून मजुरीला आलेली माणसं, असे आमचे पेशंट. अलीकडेच आम्ही बरीच वर्षं वापरलेलं सॉफ्टवेअर सोडून आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी, म्हणजे पेशंटच्या नोंदी देशभर एकमेकांना जोडण्याच्या केंद्राच्या योजनेशी, जोडलेलं नवीन सॉफ्टवेअर घेतलं. त्या बदलात जे पाहिलं त्यावरून आपल्याकडे एकच मागणी आहे, आणि ती आधीच सांगून टाकते.

दवाखान्यासाठी बनवलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला मिशनशी जोडायची परवानगी देण्याआधी आणखी एक परीक्षा घ्या. त्या सॉफ्टवेअरमधून एका दवाखान्याच्या सगळ्या पेशंटची सगळी माहिती बाहेर काढून ती दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून दाखवायला सांगा. ॲलर्जी, चालू औषधं, जुने आजार, तारखा, सगळं जिथल्या तिथे पोहोचलं तरच परवानगी द्या.

मिशनबद्दल माझ्या मनात किंतु नाही. २७ सप्टेंबर २०२१ला ते देशभर सुरू झालं, तेव्हापासून मी त्याच्या बाजूने बोलत आले आहे. २०२७च्या सिंहस्थात पंचवटीत एखाद्या बाहेरगावच्या यात्रेकरूच्या छातीत दुखायला लागलं आणि तिथल्या डॉक्टरला त्याच्या संमतीने मागचा ईसीजी व चालू गोळ्या पडद्यावर दिसल्या, तर त्याचं मोल काय हे प्रत्येक डॉक्टरला कळतं. पण ती माहिती मुळात कुठल्या तरी गावातल्या लहान दवाखान्यात लिहिली गेलेली असते. त्या दवाखान्याने मधल्या काळात सॉफ्टवेअर बदललं असेल, तर ती त्यातून सुखरूप पार पडलेली असावी लागते. आभाचा, म्हणजे मिशनमधल्या आरोग्य खात्याचा, १४ अंकी क्रमांक पेशंटला ओळखतो. त्या क्रमांकामागची नोंदच अर्धवट असेल तर समोरच्या डॉक्टरच्या हाती काय येणार?

आम्ही बदल हौसेने केला नाही. जुनं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वर चालायचं, आणि त्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच थांबवला. कॉम्प्युटर म्हातारा झाला होता, सुटे भाग मिळेनासे झाले होते, आणि विक्रेत्याने नवीन आवृत्ती काढणं कधीच सोडून दिलं होतं. मी डेटा मागितला तेव्हा दोन पर्याय पुढे आले. एक, प्रत्येक पेशंटची पीडीएफ फाइल. दुसरा, जास्तीचे पैसे भरून एक्सेलमध्ये उघडणारी एक मोठी फाइल. त्या पीडीएफ माणसाला वाचता येतात, पण नवीन सॉफ्टवेअरला त्यातून काही उचलता येत नाही. म्हणून पैसे भरून एक्सेल घेतली. त्या फाइलमध्ये काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या कार्यालयात बसून हे दिसणं अवघड आहे.

औषधाच्या वेळा आम्ही सगळे १-०-१, १-१-१ अशाच लिहितो. सकाळ, दुपार, रात्र. पेशंटलाही तेच कळतं. एक्सेलला मात्र १-१-१ ही तारीख वाटते. फाइल उघडली की दिवसातून तीनदा घ्यायच्या प्रत्येक गोळीपुढे १ जानेवारी २००१ दिसायचं. १-०-१ तसंच राहायचं, कारण शून्य नावाचा महिना नसतो. म्हणजे एकाच पेशंटची बीपीची गोळी बरोबर आणि तिच्याखालची दुसरी गोळी तारीख बनलेली. फाइल तशीच सेव्ह केली की मूळ लिहिलेलं परत मिळत नाही. आभा क्रमांक मधल्या रेघा न देता लिहिला असेल तर एक्सेल त्याचाही गणिती आकडा करून टाकतं, आणि सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, सेव्ह करताना शेवटचे अंक गळून जातात.

वयाचं आणखी वेगळं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जन्मतारखेचा रकाना नव्हता, नुसतं वय होतं. २०१४ साली ४२ वर्षांचा म्हणून नोंदवलेला कामगार नवीन सॉफ्टवेअरमध्येही ४२ वर्षांचाच आला. मोठ्या माणसाचं एक वेळ चालून जाईल. पण पहिल्यांदा आणलं तेव्हा तीन वर्षांचं असलेलं मूल आज शाळेच्या वरच्या वर्गात आहे, आणि पडद्यावर अजून तीनच वर्षांचं. नवीन सॉफ्टवेअर वयावरून डोस सुचवतं. तो सुचवलेला डोस बघून मी थांबले, कारण मूल समोर उभं होतं.

नावांचा गोंधळ आपल्याकडे जुनाच आहे. रोमन लिपीत ‘ज्ञानेश्वर’ कुणी डी-एन-वाय लावून लिहितं, कुणी जी-वाय, कुणी नुसतं जी-एन. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अशा एकाच माणसाच्या तीन-तीन फाइली होत्या आणि आम्हाला त्या पाठ होत्या. नवीन सॉफ्टवेअरने हा प्रश्न मोबाइल नंबरवरून सोडवायचं ठरवलं. नंबर सारखा, म्हणजे माणूस तोच. पण आमच्या भागात अजूनही एका घरात एकच नंबर दवाखान्यात दिलेला असतो, बहुतेक वेळा मुलाचा. सासू, सून आणि दोन नाती एकाच नंबरावर. आडनाव एक, पत्ता एक. काही घरांत सासूची साखर सुनेच्या पानावर जाऊन बसली. सून गरोदर असताना तिच्या पानावर मधुमेहाच्या गोळ्या दिसणं म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ॲलर्जीसाठी वेगळी जागा नव्हती. कागदी केसपेपर होते तेव्हा आम्ही वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहायचो. कॉम्प्युटर आल्यावर तो कोपरा गेला. ‘रिमार्क’ म्हणून एक चौकट होती, पण ती उघडण्यासाठी दोनदा क्लिक करावं लागायचं, आणि बाहेर रांग असताना ते कोण करणार? म्हणून आम्ही पेशंटच्या नावापुढेच कंसात लिहायला सुरुवात केली. नाव, आडनाव आणि पुढे (सल्फा). कुठे (पेनिसिलिन), कुठे (दमा). रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर (वॉर्फ). सुरगाण्याकडच्या काही जणांपुढे (एसएस), म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. नंबर पुकारताना ताईंना ते दिसायचं, मला दिसायचं, चिठ्ठीवर छापून यायचं म्हणून मेडिकलवाल्यालाही दिसायचं. इतकी वर्षं त्या कंसाने आमच्या पेशंटना सांभाळलं. नाशिकमधल्या इतर डॉक्टरांशी बोलले, तर कुणी पत्त्याच्या रकान्यात लिहितं, कुणी आडनावामागे चांदणी टाकतं. प्रत्येकाने आपापली सोय लावलेली आहे.

नवीन सॉफ्टवेअरमध्ये नावाच्या रकान्यात फक्त अक्षरं चालतात. माहिती भरताना त्याने कंस आणि कंसातला मजकूर काढून नावं स्वच्छ केली. कुठलीही सूचना आली नाही. उलट शेवटी सगळ्या नोंदी यशस्वीपणे आल्याचा हिरवा संदेश आला.

हे आमच्या ताईंच्या लक्षात आलं. लघवीला जळजळ होते म्हणून एक बाई आल्या होत्या. ताईंनी त्यांचं नाव पडद्यावर बघितलं आणि आत येऊन मला म्हणाल्या, “मॅडम, यांच्या नावापुढचं सल्फा कुठे गेलं?” या बाईंना काही वर्षांपूर्वी सल्फाच्या गोळीचं रिॲक्शन आलं होतं. अंगभर फोड, तोंडात जखमा, सिव्हिलला भरती. तशीच गोळी पुन्हा गेली असती तर कातडी सोलवटून जीव जाण्यापर्यंत मजल जाऊ शकते. ताई आमच्याकडे सुरुवातीपासून आहेत म्हणून त्यांना आठवलं. ज्या दवाखान्यात रिसेप्शनवर कालच कुणी नवीन मुलगी लागली असेल, तिथे कुणाला आठवणार?

त्याच संध्याकाळी आम्ही जुना कॉम्प्युटर परत लावला, नावात कंस असलेल्या सगळ्यांची यादी छापली आणि एकेकाचं पान उघडून ॲलर्जी तिच्या जागी हाताने भरली. सिकलसेलचे पेशंट त्यात होतेच. असा माणूस ताप-जुलाब घेऊन आला तर अंगातलं पाणी कमी होऊ न देणं हे पहिलं काम असतं, नाहीतर असह्य दुखण्याचा झटका येतो. डॉक्टरला ते दारातच कळायला हवं.

आपण म्हणाल, हा दोन खासगी कंपन्यांमधला व्यवहार आहे, त्यात प्राधिकरणाचा काय संबंध. संबंध असा की, नवीन सॉफ्टवेअर मी आपल्या मिशनवर विश्वास ठेवून घेतलं. सँडबॉक्समधून, म्हणजे मिशनच्या चाचणीच्या व्यवस्थेतून, बाहेर पडताना सॉफ्टवेअरची तीन टप्प्यांत तपासणी होते: आभा तयार करता येतो का, नोंद पाठवता येते का, दुसरीकडची नोंद मागवून दाखवता येते का. सुरक्षेची तपासणी वेगळी. हे सगळं योग्यच आहे. पण ही देवाणघेवाण एकेका पेशंटच्या संमतीने, एकेका कागदाची होते. दवाखान्याने अख्खं घर हलवायचं ठरवलं तर काय, हा प्रश्न या तपासणीत येतच नाही. शिवाय आपल्या व्यवस्थेत नोंदीच्या पाकिटात पीडीएफ ठेवून पाठवलेली चालते. सुरुवातीला दवाखान्यांना सामावून घ्यायला ती सवलत गरजेची होती, हे मला मान्य आहे. पण पीडीएफमधली ॲलर्जी पुढच्या सॉफ्टवेअरला कळत नाही, ते डॉक्टरला सावध करू शकत नाही. पाकीट पोहोचतं, आतला मजकूर मुका राहतो.

साधनांची वानवा नाही. नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे, नाशिकपासून काही तासांच्या अंतरावर. त्यांनी ओपीडीच्या नोंदीचे, प्रिस्क्रिप्शनचे, तपासण्यांच्या रिपोर्टचे ठरावीक साचे बनवून सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. आजारांच्या आणि ॲलर्जीच्या संज्ञांसाठी स्नोमेड सीटी हा आंतरराष्ट्रीय संज्ञाकोश आहे. भारत २०१४ पासून त्याचा सदस्य असल्याने ते आपल्याकडे मोफत वापरता येतं. सल्फाची ॲलर्जी कशी लिहायची हे ठरलेलं आहे. ती तशी लिहूनच बाहेर द्यायची, एवढी सक्ती मात्र कुणी केलेली नाही.

कायद्याच्या बाजूनेही बघा. केंद्र सरकारच्या २०१६च्या ईएचआर (इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या) मानकांनुसार नोंदीतली माहिती पेशंटची असते आणि डॉक्टर ती त्याच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळतो. मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे पेशंटने नोंदी मागितल्या तर मला त्या ७२ तासांत द्याव्या लागतात, आणि त्याच नियमांत नोंदी कॉम्प्युटरवर आणायचा प्रयत्न करा असंही म्हटलं आहे. तो प्रयत्न आम्ही केला. आता ज्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या नोंदी आहेत, त्याच्यावर मला त्या परत द्यायला किती तासांचं बंधन आहे? करारात असेल तेवढंच, आणि लहान दवाखान्याच्या करारात बहुधा काहीच नसतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. २०१९च्या विधेयकात आपली माहिती एकीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. मंजूर झालेल्या कायद्यात तो उरला नाही. त्यामुळे संसदेकडून ही फट लगेच बुजण्याची आशा मला वाटत नाही. आपण आपल्या अटींमध्ये ती आजही बुजवू शकता.

मोबाइल नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय २०११च्या जानेवारीत देशभर लागू झाली. त्याआधी लोक नंबर जाईल या भीतीने नको असलेल्या कंपनीकडे पडून राहायचे. लहान दवाखाने आज तसेच पडून आहेत. नाशिकमध्ये माझ्या ओळखीतले कितीतरी डॉक्टर मिशनशी न जोडलेलं जुनाट सॉफ्टवेअर चालवतात. त्यांना तंत्रज्ञानाची भीती वाटत नाही. पंधरा वर्षांत जोडलेले पेशंट हातचे जातील, ही त्यांची भीती आहे. २०२३ मध्ये आपण लहान खासगी दवाखान्यांसाठी शंभर मायक्रोसाइट्सची, म्हणजे एकेका भागातले दवाखाने मिळून मिशनशी जोडण्याची, योजना आणली, तिचा हेतू या लोकांना आत आणण्याचाच होता. माझा अनुभव सांगतो की त्यांना आत आणण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता बाहेर पडायचा दरवाजा उघडा ठेवण्यातून जातो.

परीक्षा अवघड नको. पन्नास खोट्या पेशंटचा एक संच बनवा. त्यात एका नंबरावरची चार माणसांची घरं असू द्या, ‘ज्ञ’ आणि ‘ळ’ असलेली नावं देवनागरी आणि रोमन दोन्हींत असू द्या, १-१-१ असू द्या, जन्मतारीख नसलेली पण वय आणि ते वय नोंदवल्याचा दिवस असलेली मुलं असू द्या, मायक्रोग्रॅममध्ये दिलेली थायरॉइडची गोळी असू द्या. आणि चार-पाच जणांची ॲलर्जी अशा जागी लिहा जिथे लिहायला नको होती, कारण खऱ्या दवाखान्यात ती तिथेच सापडते. एका सॉफ्टवेअरमधून काढा, दुसऱ्यात भरा, दोन्ही बाजू ताडून बघा. ज्या नोंदी सॉफ्टवेअरला समजल्या नाहीत किंवा त्याने गाळल्या, त्यांची यादी त्याने डॉक्टरच्या हातात दिलीच पाहिजे, हिरवा संदेश देऊन मोकळं होता येणार नाही. करार संपल्यावरही ठरावीक मुदतीपर्यंत जुन्या नोंदी नुसत्या वाचता याव्यात, आणि डेटा परत देण्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत, हेही त्याच अटींत यावं.

दरम्यान माझे नाशिकचे डॉक्टर मित्र हे पत्र वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं. बदल करणार असाल तर जुनं मशीन विकू नका, नवीन बसल्यावरही काही महिने ते चालू स्थितीत ठेवा. विक्रेत्याकडून आलेली फाइल एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडू नका, ‘इम्पोर्ट’ मधून सगळे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून घ्या. मूळ फाइलची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा. आधी बीपी, मधुमेह, दमा, फिट्स आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचे पेशंट एकेक करून ताडून घ्या, सर्दी-खोकल्याचे मागून बघता येतात. पेशंट आला की पहिल्या भेटीत औषधं आणि रिॲक्शन त्याला पुन्हा विचारा, कितीही ओळखीचा असला तरी. आणि नावं आणि कंस ज्यांच्या ध्यानात आहेत, त्या रिसेप्शनवरच्या बाईंना या कामात पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. त्यांना त्याचे जादा पैसेही द्या, कारण हे काम ओपीडी संपल्यावर रात्रीच होतं.

पुन्हा आपल्याकडे येते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्याच शहरात, म्हसरूळला आहे. मानकांचं केंद्र पुण्यात आहे. शहरात आणि तालुक्यांत मिळून सगळ्या पॅथींचे, सगळ्या प्रकारचे दवाखाने इथे आहेत. ही परीक्षा कुठे तरी आधी करून बघायची असेल तर नाशिकमध्ये करा. आमच्या बदलात कुठल्या नोंदी कशा बिघडल्या, त्याचा नमुना मी नावं, नंबर आणि पत्ते पूर्ण काढून तयार ठेवला आहे. आपल्या कार्यालयातून कुणी मागितला तर लगेच पाठवेन, आणि ताडणीच्या कामाला आमच्या ताईंसह एक रविवार येऊन बसायचीही माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक जनरल प्रॅक्टिशनर,
सातपूर, नाशिक